साहेबांना चूलबंद आवतण

परदेशी मदतीवर आमच्या गावच्या पाणी समितीत जी चर्चा झाली, तीच दिल्लीत झाली असती तर निदान वर्तमानपत्रात आली असती. आमच्याकडे ती फक्त इतिवृत्ताच्या वहीत आली, आणि त्या वहीची मधली पानं पुढे वाळवीने खाल्ली. म्हणून आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मुरबाडहून म्हशाकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडून द्यायची, तिथून पाऊण तास चाललं की आमचं गाव. मी तिथल्या शाळेत गुरुजी होतो. मूळचा किन्हवलीचा, म्हणजे शेजारच्या शहापूर तालुक्यातला. त्यामुळे मुरबाडवाल्यांच्या लेखी मीही थोडासा परदेशीच. अक्षर बरं म्हणून मला समितीचा सचिव केलं होतं. सचिवाला मत नसतं, हे मला पहिल्याच बैठकीत सांगण्यात आलं.

समिती स्थापन झाली ती एका पत्रामुळे. कुठल्याशा थंड देशाचं सरकार आपल्याकडच्या खेड्यांना नळयोजनेसाठी मदत देणार होतं. अट अशी की गावाने आधी समिती नेमायची, समितीत निम्म्या बायका हव्यात, आणि समितीने ठराव करून, मे महिना संपायच्या आत, योजनेच्या अधिकाऱ्यांना चर्चेसाठी गावात बोलवायचं. न बोलावता अधिकारी येणार नाहीत. सरकारी माणूस बोलावल्याशिवाय येत नाही, हे गावाला माहीत होतंच. ते लेखी मिळालं, एवढंच नवीन.

अध्यक्ष म्हणजे गावातले एक मोठे भातशेतकरी. तरुणपणी ते एका शिष्टमंडळाबरोबर मुंबईला गेले होते आणि विधानभवनाच्या प्रेक्षक गॅलरीत अर्धा तास बसले होते. त्या अर्ध्या तासाचा परिणाम टिकाऊ निघाला. बैठकीला ते ‘सभागृह’ म्हणत. शाळेच्या खोलीत आम्ही सगळे बस्करपट्ट्यांवर, आणि ते माझ्या खुर्चीवर. समोर बैलाच्या गळ्यातली घंटा. कुणी मध्ये बोललं की ती वाजवायची. शेजारच्या गोठ्यातला बैल ती ऐकून खिडकीतून आत बघायचा.

सभागृह म्हटलं की विरोधी पक्ष आलाच. तो एकट्याने चालवायचे ते निवृत्त एसटी कंडक्टर. कल्याण आगारात आयुष्य गेलेलं. अध्यक्ष काय म्हणतात ते पुरतं ऐकून घेण्याआधी त्यांचा विरोध तयार असायचा.

नियमाप्रमाणे सहा बायका समितीत होत्या. त्यातल्या पाच शाळेच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायच्या आणि शेवटी आत येऊन अंगठा उठवून जायच्या. सहावी वरच्या वाडीतली. टेकडीवरची पंधरा-वीस घरं म्हणजे वाडी. बायकांनी बाहेर बसायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती सरळ आत येऊन पहिल्या पट्टीवर बसली. आता उठ म्हणायचं कसं, यावर सभागृहात बरीच नेत्रपल्लवी झाली. घंटा मात्र कुणी वाजवली नाही.

तिचं म्हणणं एकच होतं. योजनेचा नकाशा आला होता. निळसर कागदावर, अमोनियाच्या वासाचा. त्यात नळाची रेघ विहिरीपासून निघून गावातून फिरून मारुतीच्या देवळापाशी संपत होती. वाडी नकाशावरच नव्हती. वाडीचं पाणी म्हणजे डवरा. कोरड्या ओढ्याच्या तळाशी खणलेला हातभर खड्डा, त्यात पाणी झिरपतं आणि ते करवंटीने हंड्यात भरायचं. मे महिन्यात अधिकारी आले, तो डवरा त्यांनी डोळ्यांनी बघितला, तर रेघ वर जाईल. पावसानंतर आले तर ओढा वाहत असणार, आणि मग रेघ देवळापाशीच थांबणार. हे तिने पहिल्या बैठकीत चार वाक्यांत सांगितलं. मग आम्ही तीन बैठका चर्चा केली.

पहिली बैठक संपूर्ण परराष्ट्र धोरणावर गेली.

“फुकट कोन देतो रे?” कंडक्टर म्हणाले. “मी तीस वर्सं तिकीट फाडलंय. फुकट फक्त पोलीस बसतो. हा देश कोन पोलीस लागून गेला?”

“मैत्री म्हनून देतात,” अध्यक्ष म्हणाले.

“बरं, मैत्री. उद्या तो देश दिल्लीवर रुसला, तर आमचा नळ बंद करल का नाय?”

सभागृह गंभीर झालं. देश कुठला यावरही एकमत होईना. पत्रावरचं नाव कुणालाच नीट उच्चारता येत नव्हतं, म्हणून दर वक्ता आपल्या सोयीचा देश घेत होता. मी भूगोल शिकवत असल्यामुळे मला विचारण्यात आलं. मी सांगितलं की तो देश फार लांब आहे, तिथे बर्फ पडतो आणि रुसायला त्याला सवड नसावी. ‘सचिवाने मतप्रदर्शन केले’ अशी नोंद घेण्याचा आदेश मला झाला. ती मीच घेतली.

“साहेबांना बोलवा नि त्यांनाच विचारा ना,” वाडीची बाई म्हणाली. “आमचा डवरा आटंपर्यंत बोलत बसाल काय?”

बोलवायचं ठरलं. पण बोलवायचं म्हणजे कसं, यावर दुसरी बैठक गेली. आमच्या भागात आवतणाचे दोन प्रकार. एक, घरटी एक माणूस: घरातला एक जण जेवून जातो. दुसरं चूलबंद: त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटणारच नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. आवतण पत्राने धाडलेलं चालत नाही. माणूस दारात जातो, हळदीकुंकू लावलेल्या अक्षता ठेवतो आणि कुठलं आवतण ते तोंडाने सांगतो. त्यात चूक झाली तर दोन पिढ्या बोलणं बंद राहिल्याची उदाहरणं गावात चालती-बोलती होती. चालती होती, बोलती नव्हती.

“मोठ्या साहेबांना एकट्यांना बोलवू,” मी सुचवलं. मत म्हणून नव्हे, अर्जाची भाषा ठरवायची म्हणून.

“नि बाकीचे?” अध्यक्षांनी विचारलं. “गुरुजी, कचेरी म्हंजे एक घरच असतं. थोरल्याला बोलवलं नि धाकल्याला नाय, तर फाइल कुनाच्या टेबलाखाली जाईल, सांगा बरं.”

यावर कंडक्टरांनी विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. अध्यक्षांचं म्हणणं त्यांना पटलं होतं. हे त्यांना फार लागलेलं दिसलं. मग आवतण द्यायला आपणच जाणार, आपल्याकडे एसटीचा पास आहे, एवढा हट्ट धरून त्यांनी विरोधी पक्षाची अब्रू राखली.

तिसरी बैठक सगळ्यात छोटी झाली, आणि घात तिथेच झाला.

“विहिरीचा तळ दिसतोय,” अध्यक्ष म्हणाले. “कचेरी येनार, नि पाय धुवायला पानी नसनार? आमच्या सात पिढ्यांत पाव्हन्यापुढं रिकामा हंडा गेला नाय.”

“बरोबर हाय,” कंडक्टर म्हणाले.

खोलीत सगळे चपापले. ते दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

मग भराभर ठरलं. मुरबाडहून दोन टँकर आणून विहिरीत ओतायचे. घरोघरचे पिंप भरून ठेवायचे. शाळेपुढे मांडव घालायचा. आदल्या दिवशी अंगणं सारवायची, सडा घालायचा, तुळशी टवटवीत दिसायला हव्यात.

वाडीची बाई हे ऐकत बसली होती. “अध्यक्ष,” ती म्हणाली, “पानी नाय म्हनूनच बोलवताव ना त्यांना?”

“हां.”

“मंग पानी भरून काय दाखवताव?”

अध्यक्षांनी घंटेला हात घातला, पण वाजवली नाही. “बाय, तू लहान हायेस,” ते म्हणाले. ती चार नातवंडांची आजी होती. “गरज वेगळी नि गावाची इज्जत वेगळी. आजाऱ्याला बघायला कोन येनार असंल तर आपन त्याचे केस इंचरतो का नाय?”

दाखला इतका चपखल होता की मीसुद्धा मान हलवली. मग ठराव माझ्या उत्तम अक्षरात लिहिला: ‘मान्यवरांच्या आगमनाप्रीत्यर्थ विहीर भरून घेणेत यावी.’ एकमताने मंजूर. विरुद्ध असलेल्या बाईनेही अंगठा उठवला, कारण हजेरीचा आणि ठरावाचा अंगठा एकच होता. सचिवाला मत नसतं या नियमाचा मला त्या दिवशी फार आधार वाटला. अजूनही तो पुरता सुटलेला नाही.

कंडक्टर आवतण घेऊन शहरात योजनेच्या कचेरीत गेले. संध्याकाळी परतले ते विजयी मुद्रेने. काय केलंत, असं विचारलं तर म्हणाले, “रीत केली.” म्हणजे मोठ्या साहेबांच्या टेबलापासून शिपायाच्या स्टुलापर्यंत प्रत्येक ठिकाणी त्यांनी अक्षता ठेवल्या आणि प्रत्येकाला बजावलं: चूलबंद हाय, मंडळींना घेऊन यायचं, पोराबाळांसकट, नाय आलात तर गाव रुसंल. टायपिंग करणाऱ्या बाई म्हणे इतक्या हरखल्या की त्यांनी अक्षता पदरात बांधल्या.

आम्हाला तरी दहा-बारा माणसंच येतील असं वाटत होतं. शहरातला माणूस रीत कुठे पाळतो?

रविवार होता. मे महिना, मुलांच्या शाळांना सुट्टी, आंबे पाडाला आलेले. आधी जीप आली. तिच्यातून मोठे साहेब, त्यांची बायको आणि नकाशाची गुंडाळी काखेत धरलेला एक सहायक उतरले. अध्यक्षांनी साहेबांचे पाय धुवायला तांब्या पुढे केला, मग त्यांना थेट विहिरीवर नेलं. साहेब वाकले. आदल्या दिवशीच्या टँकरचं पाणी आत चमकत होतं.

“अरे वा,” साहेब म्हणाले. “मे महिन्यात एवढं पाणी? आम्ही उगाच टंचाईग्रस्त यादीत घातलं की तुम्हाला.”

“आमच्या गावात पाव्हन्याला पान्याची वाण नाय, साहेब,” अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले.

साहेबांनी सहायकाकडे बघितलं. “लिहा. स्रोत समाधानकारक. विस्ताराची गरज नाही.”

सहायकाने लिहिलं. अध्यक्षांची छाती फुगलेलीच होती, पण चेहरा हळूहळू तिला सोडून खाली आला. कंडक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा न पटलेल्या विधानाला विरोध करायचा राहू दिला. वाडीची बाई माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात फाट्याच्या बाजूला धूळ दिसली. मिनीबस येत होती. तिच्यामागे एक टेम्पो.

कचेरीने रीत पाळली होती. हेडक्लार्क आणि त्यांचं कुटुंब, ड्राफ्ट्समन, त्याचे आईवडील, टायपिस्ट बाई आणि त्यांच्या दोन नणंदा, ड्रायव्हर, शिपाई, शिपायाची पाच मुलं, आणि एक म्हातारे गृहस्थ जे कुणाचे आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी मोजायला लागलो आणि साठापाशी थांबलो. म्हशाच्या जत्रेला निघालेली माणसं वाट चुकून आमच्याकडे आली असावीत असं वाटत होतं. वाटेत त्यांनी करवंदं खाल्लेली होती, सगळ्यांचे हात चिकट झाले होते, आणि सगळ्यांना तहान लागली होती.

पाहुणा आला की पाय धुवायला तांब्याभर पाणी, मग गूळ आणि प्यायला पेलाभर, मग सरबत. पहिल्यांना दिलं आणि नंतरच्यांना नाही, असं करता येत नाही. गावाने दात-ओठ खाऊन साठ माणसांचे एकशेवीस पाय धुतले. शिपायाच्या मुलांना पिंपात बुडवून पेला काढायचा खेळ इतका आवडला की त्यांचे पाय तीन-तीनदा धुतले गेले. तासाभरात पिंप वाजायला लागले. विहिरीला दोर टाकला तर बादली चिखल घेऊन वर आली. ती विहीर जुनी, तिच्या तळाच्या खडकाला चिरा. दोन टँकर पाणी तिने रात्रभरात निमूट गिळून टाकलं होतं, आणि सकाळी साहेबांना दिसलं ते फक्त उरलंसुरलं.

शाळेमागे चुलीवर भाताची हंडी चढवायची होती. दहा-बारा जणांचा अंदाज साठांवर गेला होता. तांदूळ घरोघरून जमले. पाणी कुठून जमणार?

वाडीची बाई पुढे झाली. “आमच्या डवऱ्याला असंल थोडं,” ती गावातल्या बायकांना म्हणाली. “चला.”

एरवी वाडीच्या पाण्याला गावात नावं ठेवली जात. त्या दिवशी ती कुणाला आठवली नाहीत. बायकांनी हंडे उचलले. मांडवात बसून कंटाळलेल्या पाहुण्या बायकांमधून मोठ्या साहेबांची बायको उठली.

“आम्हीही येतो. नुसतं बसून काय करायचं?”

अध्यक्ष धावले. “नको नको वहिनी! तुमी बसा. पाव्हन्यानं हंडा उचलायचा, ही काय रीत झाली?”

“चूलबंद केलंय ना, अध्यक्ष?” वाडीची बाई थांबून म्हणाली. “चूल बंद, मंग घरच्या बायांना काम काय? येऊ द्या की.” आणि तिने आपल्या हातातला हंडा साहेबांच्या बायकोच्या हातात दिला.

तिने हे मुद्दाम केलं का, असं मी पुढे तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “जड व्हता.”

पाहुण्या बायकांची काळजी घ्यायला म्हणून अध्यक्षांनी मला बरोबर पाठवलं. चढ अर्ध्या तासाचा. टायपिस्ट बाईंची चप्पल पहिल्या वळणावर तुटली, नणंदा दुसऱ्या वळणावर परत फिरल्या. साहेबांची बायको वर पोचली, घामाघूम, आणि तिने डवऱ्यात डोकावलं. तळाशी ताटभर पाणी.

“करवंटीनं भरायचं,” वाडीच्या बाईने दाखवलं. “ढवळायचं नाय. चार करवंट्या झाल्या का थांबायचं. परत झिरपतं.”

साहेबांची बायको भरायला बसली. चार करवंट्या, थांबायचं. चार करवंट्या, थांबायचं. आधी तिने हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग त्या संपल्या. हंडा अर्धा झाला तेव्हा तिने घड्याळ बघितलं आणि घड्याळ असलेला हात पदराखाली घेतला.

“रोज असंच?” तिने विचारलं.

“दोन टायम.”

“आणि योजनेत तुमची वाडी कुठे आहे?”

“नाय. नळ मारुतीपर्यंत.”

यानंतर ती करवंटी आपटून भरायला लागली. वाडीच्या बाईला तिला दोनदा सांगावं लागलं, ढवळू नका.

खाली येईपर्यंत साहेबांच्या बायकोची साडी एका बाजूने भिजून गेली होती आणि हंड्यात निम्मं उरलं होतं. पंगत बसायची होती. तोवर चर्चेचा अधिकृत कार्यक्रम सुरू झाला होता. साहेबांनी परदेशी मदतीवर प्रास्ताविक केलं आणि विचारलं, “कुणाला काही शंका?”

कंडक्टर उठले. महिनाभर जपलेला प्रश्न त्यांनी काढला. “तो देश उद्या आपल्यावर रुसला तर काय करायचं?”

साहेब हसले, घसा खाकरला आणि म्हणाले, “उत्तर देतो. आधी जरा पाणी द्या.”

त्यांच्या बायकोने हंडा पुढे आणून ठेवला, पेल्याच्या तळाशी बोटभर पाणी ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“एवढंच?”

“एवढंच. मी आणलंय ते. किती वेळ लागला ते विचारा.”

“अगं, पण विहिरीत...”

“विहिरीत परत बघा.”

साहेबांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी घंटेकडे. मग ते उठून उभे राहिले आणि, मला खरंच वाटलं नव्हतं, म्हणाले, “साहेब, ते टँकरचं व्हतं. आमीच ओतलं. बोलवलं तुमाला नि तहानेलं ठेवायचं, जिवाला बरं वाटना.”

ड्रायव्हरच्या मुलाने पेला जमिनीवर पाडला, तो बराच वेळ गोल फिरत राहिला.

“तो देश रुसेल तेव्हा रुसेल,” साहेबांची बायको म्हणाली. “तुम्ही आधी वर जाऊन या.”

साहेब बुटांसकट वर गेले. मोठे साहेब निघाले म्हणून हेडक्लार्क निघाले, हेडक्लार्क निघाले म्हणून सगळी कचेरी निघाली. ते अनोळखी म्हातारे गृहस्थही निघाले. परत आल्यावर सहायकाने आपली नोंद खोडली, नकाशा मांडवात पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि तांबड्या पेन्सिलने मारुतीपासून वर एक रेघ ओढली. रेघ कागदाच्या बाहेर जात होती. तिथे त्याने कोरा कागद चिकटवला. डिंक नव्हता, म्हणून भाताची शितं लावली. जेवणं चार वाजता झाली, आणि भात थोडा कच्चा होता.

पंप, टाकी, पाइप यांत पुढची दोन-अडीच वर्षं गेली. दरम्यान समितीने आणखी बऱ्याच बैठका घेतल्या. त्यांचं पुढे काय झालं ते वाळवीला माहीत. नवं शतक लागल्यावर वाडीत पहिला नळ आला, आणि त्या थंड देशाचा एक पाहुणा तो बघायला येणार असं कळलं. त्याचं आवतण कसं द्यायचं हा विषय सभागृहात आला, तेव्हा वाडीची बाई पहिल्या पट्टीवरूनच म्हणाली, “घरटी एक मानूस.” कंडक्टरांनीसुद्धा विरोध केला नाही.

पाहुणा आला. उंच, लालबुंद, घामाने निथळणारा. त्याला वाडीतल्या नळापाशी उभं केलं आणि बूट काढायची खूण केली. तो बावरला, पण त्याने काढले. मोजेही काढले. वाडीच्या बाईने तांब्या घेतला नाही. तिने त्याचे पाय नळाखालीच धरायला लावले आणि चावी सोडली. पाणी त्याच्या गोऱ्या पावलांवरून वाहत दगडांत गेलं. बराच वेळ. पाय केव्हाच धुऊन झाले होते. पाहुणा एकदा हसला, मग काय करावं हे न कळून पुन्हा हसला.

अध्यक्षांना राहवेना. “बाय, बंद कर गो आता. वाया जातंय.”

“पाव्हना हाय, अध्यक्ष,” ती म्हणाली, आणि चावी आणखी अर्धा फेरा सोडली.